पांढऱ्यावर पांढरं फूल

तीर्थरूप वन्सं यांच्या चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला वाकायची मनाई केली आहे. आठ अंगांपैकी जेवढी टेकवता आली तेवढी टेकवली आहेत, बाकीची प्रत्यक्ष भेटीत.) तुमचा खोकला आता कसा आहे? फोनवर तुम्ही नुसतं ‘ठीक’ म्हणता आणि विषय बदलता. तुमच्या भावांचंही तसंच. गेल्या आठवड्यात त्यांची दाढ इतकी ठणकत होती की एकाच बाजूने चावत होते, पण विचारलं तर म्हणाले, चव नीट कळावी म्हणून सावकाश खातोय. तुम्हा भावंडांना दुखणं कबूल करायची लाज वाटते. मला दुखणं सोडून बाकी सगळ्याची वाटते, आणि आज तर इतकी वाटते आहे की पत्र लिहायला बसण्याआधी मी दिवाणखान्यातला तुमचा तो पदवी घेतानाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मागचं पत्र तुम्ही सगळे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून परत पाठवलंत त्याबद्दल आभार. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला सगळं शिकवलं, फक्त वेलांटी कुठल्या बाजूला वळवायची ते सांगायचं राहिलं. याही पत्रात तुम्हाला तसल्या चुका सापडतील, पण यावेळी चूक वेलांटीएवढी नाही. ती मोठी आहे आणि तुमच्या विषयातली आहे. थोडं पाणी पिऊन घ्या.

जन्मभर तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवलंत आणि जन्मभर मी ते टाळलं. तुम्ही जेवणाच्या टेबलावर चमचा आणि वाटी घेऊन ग्रह कसे फिरतात ते दाखवायला लागलात की मला तो चमचा घासायला न्यावासा वाटे. तर अशी मी, या वयात, भरतकामाच्या वाटेने थेट विद्युत क्षेत्रात जाऊन पडले. कशी पडले ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही नेहमी म्हणता की उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या दाखवाव्यात.

आमच्या गल्लीच्या टोकाला, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक वाचनालय आहे. जिन्याच्या कठड्याला प्रत्येक वळणाच्या आधी एक खिळा अर्धवट ठोकलेला आहे, म्हणजे हाताला कळावं की आता वळायचं. (मी कित्येक दिवस समजत होते की तो सुताराचा आळस आहे. एकदा तर घरून हातोडी घेऊन निघाले होते. तुमच्या भावांनी दारातच विचारलं, कुणाला मारायला चाललीस, म्हणून वाचले ते खिळे.) तिथे मी धडे मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायला जात असे. माझा आवाज सिस्टरांनी घासूनपुसून तयार केलेला आहे हे तुम्ही जाणताच. ग्रंथपालबाईंनी माझा इतिहासाचा पहिला धडा शेवटपर्यंत ऐकला, कानावरची यंत्रं काढली आणि म्हणाल्या की आवाज फार गोड आहे, पण लढाई हरलेल्या प्रत्येक राजाच्या नावानंतर तुम्ही जो ‘बिचारा’ म्हणता तो पुस्तकात नाही. भूगोलात मी अशीच दुष्काळाबद्दल हळहळले. मग त्यांनी वाचनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि माझ्या हातात सुई दिली.

ते काम मात्र मला शोभलं. पुस्तकातल्या आकृत्या जाड पुठ्ठ्यावर ताणलेल्या कापडावर दोऱ्याने उठावदार काढायच्या, म्हणजे मुलांना त्या बोटांनी वाचता येतात. त्याला तिथे पाटी म्हणतात. मुख्य रेषेला जाड दोरा, मदतीच्या रेषेला बारीक, बाणाच्या टोकाला एक मणी. मी पानाचा छेद काढला, नद्यांचे नकाशे काढले, माणसाचं हृदय काढलं. एका मुलाने ते हृदय बोटांनी वाचलं आणि म्हणाला, मावशी, हे इतकं टापटिपीचं असतं तर लोकांना त्याचा त्रास कशाने होतो? वन्सं, मी त्या दिवशी जिना उतरले नाही, तरंगत खाली आले. शाळेतली शिवणाची खोली आठवली, उंच खिडक्या, भिंतीला लावलेल्या लाकडी चौकटी, खळीचा वास, आणि बाकांमधून चपलांचा आवाज न करता फिरणाऱ्या आमच्या शिवणाच्या सिस्टर. त्या कापड उलटं करून मागची बाजू आधी बघत. आणि त्यांचा एक नियम होता, की कापडाचा मध्य कधी मोकळा ठेवायचा नाही. मध्य मोकळा राहिला तर बघणाऱ्याला वाटतं आपण दार वाजवलं आणि घरात कुणी नाही. त्या गेल्या त्याला किती वर्षं झाली, पण अजून मी एखादं कापड चौकटीत ताणलं की पाठीमागे त्या उभ्या आहेत असं वाटून मी ताठ बसते. (हे सगळं मी उगाच सांगत नाहीये. जरा धीर धरा.)

मग आमच्याकडे बॅरिस्टर आली. हे नाव ग्रंथपालबाईंनी ठेवलेलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुलगी, जन्मापासून दिसत नाही, आणि कुठल्याही गोष्टीला ‘हो’ म्हणण्याआधी पुरावा मागते. तिच्या कॉलेजात फिजिक्स घेतलेली दृष्टिहीन मुलगी ती पहिलीच. कॉलेजला ते पटत नव्हतं, पण तिच्या सरांनी तिची बाजू धरली आणि शेवटी ठरलं असं की पहिल्या तोंडी परीक्षेत तिला आकृत्यांचा भाग जमला तर विषय चालू ठेवायचा, नाहीतर तिने मुकाट्याने दुसरा विषय घ्यायचा. आकृत्या होत्या विद्युत क्षेत्ररेषांच्या, आणि त्या पाट्या करायच्या होत्या मी.

मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, या रेषा असतात कुठे. ती म्हणाली, कुठेच नसतात. मला वाटलं, थट्टा करते आहे. पण तिने माझं बोट धरून टेबलावर ठेवलं आणि समजावलं की इथे एक धन प्रभार आहे असं धरा, आणि जवळ दुसरा एक अगदी चिमुकला धन प्रभार नेऊन ठेवला तर तो कुठल्या दिशेला ढकलला जाईल ते बघा. जरा पुढे पुन्हा बघा, आणखी पुढे पुन्हा बघा, आणि त्या सगळ्या दिशा जोडत गेलात की झाली रेषा. धनातून निघते, ऋणात जाऊन मिळते. असं म्हणत तिने माझं बोट असं काही फिरवलं की क्षणभर मीच तो चिमुकला प्रभार झाले. मी म्हटलं, मग जे मुळात नाही त्याचं मी भरतकाम करायचं?

“नाही, पण असल्यासारखं वागतं,” ती म्हणाली. “तुमची भुतं नसतात का, तशी. फक्त यांना नियम आहेत.”

घरी येऊन तुमच्या भावांना हे सांगितलं तर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले की तुला सोपं जाईल, मी कधी न बोललेलं तू जन्मभर ऐकतच आली आहेस.

पहिली पाटी एकट्या धन प्रभाराची. मधे एक गोल बटण आणि त्यातून चारी बाजूंना रेषा, घाबरलेल्या मांजरीच्या केसांसारख्या. ती जमली. दुसरी, एक धन आणि एक ऋण, एकातून निघून वळण घेत दुसऱ्यात शिरणाऱ्या रेषांची. ती मी आधी फार देखणी केली, सगळ्या रेषा एकसारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या. बॅरिस्टरने दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, मावशी, रेषा जिथे दाट तिथे जोर जास्त असतो, जिथे विरळ तिथे कमी. तुमच्या पाटीवर सगळीकडे सारखाच जोर आहे, हे काय वाटप आहे का? मी सगळं उसवलं. बटणाजवळ दाट, लांब गेल्यावर विरळ, असं पुन्हा काढलं. उसवताना मला पहिल्यांदाच वाटलं की हा विषय तितकासा परका नाही. तुमच्या भावांचाही जोर माझ्या जवळ असताना फार असतो आणि मी दुसऱ्या खोलीत गेले की विरळ होत जातो.

या उसवण्यात वेळ गेला आणि तिसरी पाटी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लांबली. तिसरी होती दोन धन प्रभारांची. दोघेही एकसारखे, दोघांतूनही रेषा निघतात, पण एकमेकांना भेटत नाहीत. समोरासमोर आल्या की पाठ फिरवून वर आणि खाली वळून निघून जातात. (आपण दोघी, तुमच्या धाकट्या भावाच्या लग्नात, त्या एकाच सोफ्यावर. तशा.) आणि बरोबर मधोमध एक जागा उरते जिथे काहीच नाही. याचा धक्का आणि त्याचा धक्का सारखाच, उलटसुलट, म्हणून तिथे जोर शून्य. पुस्तकात तसं लिहिलं होतं आणि मी ते वाचलंही होतं, नाही म्हणत नाही. पण पाटी पूर्ण करून मी ती खिडकीला टेकवून लांबून बघितली आणि वन्सं, तो मध्य इतका उघडाबोडका दिसत होता. दोन्हीकडे एवढ्या सुंदर कमानी आणि मधे नुसतं कापड. दार वाजवलं आणि घरात कुणी नाही.

मी तिथे एक फूल काढलं. लेझी-डेझीच्या टाक्याचं (दोऱ्याचा फास टाकून पाकळी करतात तो), पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या बटणाएवढं. रेषा निळ्या दोऱ्याच्या होत्या (रंगाचा त्या मुलीला उपयोग नाही, पण मला टाके दिसायला नकोत का). फूल मी पांढऱ्या रेशमाने काढलं, म्हणजे पांढऱ्या कापडावर उठून दिसणार नाही, पाटीला बाधा येणार नाही, आणि मध्यही मोकळा राहणार नाही. मनात म्हटलं, कुणाला दिसणार आहे. वन्सं, हे वाक्य मी पुन्हा लिहिते, म्हणजे तुम्हाला माझ्या अकलेचं नीट माप घेता येईल. जी पाटी डोळ्यांसाठी नव्हतीच, तिच्यावर मी पांढऱ्यावर पांढरं काढलं, आणि कुणाला दिसणार नाही म्हणून निर्धास्त झोपले.

दुसऱ्या दिवशी मी पाट्या घेऊन तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. तिसरी पाटी तिच्या हातात पडली ती दारातच, त्यामुळे आधी बोटं फिरवायला तिला वेळ मिळाला नाही. खोली तुम्हाला सांगायला नको, तुमचं आयुष्य तसल्याच खोल्यांत गेलं. डागाळलेली लांब टेबलं, काचेच्या कपाटांत तारांची वेटोळी, एका कोपऱ्यात थेंबथेंब गळणारा नळ. टेबलाच्या एका बाजूला तिचे सर, बाही खडूने पांढरी झालेले, तिच्यापेक्षा जास्त घाबरलेले. शेजारी विभागप्रमुखबाई, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर. मला कपाटाजवळच्या स्टुलावर बसवलं, आणि सांगितलं की मधे बोलायचं नाही.

पहिल्या दोन पाट्यांवर बॅरिस्टर अशी काही बोलली की सरांचे खांदे खाली आले. बोट रेषेवरून नेत होती, कुठे दाट, कुठे विरळ, बाण कुठे, सगळं सांगत होती. मला तिच्यासाठी नाही, माझ्या टाक्यांसाठी अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकते. मग सरांनी तिसरी पाटी पुढे सरकवली आणि सगळ्यात सोपा प्रश्न विचारला, की दोघांच्या बरोबर मधे काय आहे. उत्तर शून्य. तिला ते पाठ होतं. ती तोंड उघडणार एवढ्यात तिची बोटं दोन्ही बाजूंनी मध्याकडे आली आणि थांबली.

“इथे काहीतरी आहे,” ती म्हणाली.

सर म्हणाले, नीट बघ. ती म्हणाली, बघतेच आहे. पुस्तकात शून्य लिहिलंय, पण इथे मधूनच पाच रेषा निघतात. आणि थोडं जाऊन पुन्हा तिथेच परत येतात, जे होऊ शकत नाही, कारण प्रभारातून निघालेली रेषा त्याच प्रभारात परत कशी येईल. तेव्हा एकतर पुस्तक चुकलंय किंवा इथे तुम्ही मला न सांगता काहीतरी ठेवलंय. सरांनी वाकून पाटी बघितली. खिडकीतून ऊन थेट तिच्यावर पडलं होतं, निळ्या रेषा ठळक दिसत होत्या आणि मधे लख्ख पांढरं कापड. ते म्हणाले, तिथे काहीच नाहीये गं. विभागप्रमुखबाईंनी चष्मा बदलून बघितलं. त्यांनाही काही दिसलं नाही. बॅरिस्टर म्हणाली, तुम्ही दिसतंय का ते बघताय, मी लागतंय का ते सांगतेय. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मऊ आवाजात, तो मऊपणा मला अजून ऐकू येतो आहे, म्हणाल्या की बोटांचाही भास होऊ शकतो, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, आणि विषय बदलायला अजून मुदत आहे.

आणि मी कपाटाजवळ बसले होते. मधे बोलायचं नाही असं सांगितलं होतं, हे खरं. पण सिस्टरांच्या शाळेत शिकलेली बाई सांगितलेलं पाळते म्हणून मी गप्प नव्हते. मी गप्प होते कारण मला वाटलं, आता बोलले तर सगळ्यांना कळेल की एवढ्या वयाच्या बाईने परीक्षेच्या पाटीवर फूल काढलं. तेवढ्यासाठी. ही मुलगी दुसरा विषय घेईल की काय यापेक्षा मला त्या दोन परक्या माणसांसमोर माझा वेडेपणा झाकायचा होता. कोपऱ्यातला नळ गळत होता आणि मी मनात म्हणत होते की आता ती भांडेल, ती बॅरिस्टर आहे, ती सोडणार नाही. ती भांडली नाही. तिने दोन्ही हात पाटीवरून उचलले, मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाली, “माझीच चूक झाली असेल.”

वन्सं, त्या मुलीने त्या वाचनालयात आजवर कुणापुढे हे वाक्य म्हटलेलं नव्हतं. तिच्याजवळ जगाबद्दल विचारायला दहा बोटं सोडून दुसरं काही नाही, आणि मी बसल्या जागेवरून तिला त्या बोटांवर संशय घ्यायला लावला होता. मी उठले. गुडघा वाजला तो सगळ्यांनी ऐकला.

“ते फूल आहे,” मी म्हटलं.

सरांना वाटलं मला चक्कर येतेय, त्यांनी खुर्ची पुढे केली.

“फूल?” बॅरिस्टर म्हणाली.

“पांढऱ्या रेशमाचं. मी काढलंय. काल संध्याकाळी.”

“कशासाठी?”

“रिकामं दिसत होतं.”

ती म्हणाली, “मावशी, ते रिकामंच असतं. तेच तर उत्तर होतं.”

सरांनी डोळे मिटून पाटीवर बोट फिरवलं. मग विभागप्रमुखबाईंनी फिरवलं, डोळे उघडे ठेवून, आणि मग चष्मा काढून पुन्हा. त्या माझ्याकडे बघत होत्या तसं मी कुणाकडे बघितल्याचं मला आठवत नाही, अगदी तुमच्या भावांनी माझा नवा स्वेटर गरम पाण्यात उकळला होता तेव्हाही नाही. मग त्यांनी लिहिलेलं खोडलं, आणि म्हणाल्या की हे आत्ता इथेच काढा, आम्ही प्रश्न पुन्हा विचारू. वाचायचा चष्मा माझा घरी. त्यांनी डोक्यावरचा दिला, तो माझ्या नंबराचा निघाला नाही. सरांनी प्रयोगाचा चिमटा दिला. त्या चिमट्याने, पांढऱ्यावरचं पांढरं, तिघांसमोर, एकेक पाकळी मी ओढून काढली. बोर्डिंगात असताना चुकलेला टाका सगळ्यांसमोर उसवावा लागे आणि मला वाटे की जगात याहून वाईट काही नाही. तेव्हा मी लहान होते, मला माहिती कमी होती.

काढून झाल्यावर बॅरिस्टरने बोट ठेवलं. म्हणाली, सुईची भोकं लागतात, पण आता इथे काही नाही, दोन्हीकडचा जोर सारखा आणि उलट आहे, तो शून्य झाला. मग विभागप्रमुखबाईंनी स्वतः एक प्रश्न विचारला, जो सरांच्या यादीत नव्हता, असं सरांच्या चेहऱ्यावरून दिसलं. क्षेत्ररेषा एकमेकींना छेदत का नाहीत? ती पुस्तकातलं उत्तर देईल असं वाटलं, की एका जागी दोन दिशा असू शकत नाहीत. ते तिने दिलंच. पण आधी तिने एका रेषेवर बोट ठेवलं आणि ते सावकाश शेवटपर्यंत नेलं. म्हणाली, “छेदल्या असत्या तर तिथे माझं बोट कुठे गेलं असतं?”

बाईंनी दोन्ही चष्मे टेबलावर ठेवले. तिचा विषय चालू राहिला, हे आता सांगून टाकते, तुमचा खोकला वाढायला नको.

पण लाज काही उतरली नाही. घरी येऊन मी तुमच्या भावांना सगळं सांगितलं, मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, फुलाचं काही नाही गं, पण तू एवढा वेळ बसून का राहिलीस? मी म्हटलं, मला तरी कुठे कळतंय. त्यांनी चहा केला, माझ्या कपात साखर घालायला विसरले, आणि मी तो तसाच प्यायले. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन सुयांचा डबा ग्रंथपालबाईंना परत केला. कठड्यावरच्या प्रत्येक खिळ्याला हात लागत होता, आणि मला वाटत होतं, हे ज्याने ठोकले त्याने एकही शोभेसाठी ठोकला नाही. ग्रंथपालबाईंनी डबा घेतला नाही, टेबलावर राहू द्या म्हणाल्या. तो तिथेच आहे. मी ठरवलं आहे की यापुढे भौतिकशास्त्राला सुई लावायची नाही. झेपेल तेवढं विणकाम करावं, शेजारच्या नातवंडांचे मोजे करावेत, ज्यात कुणाचं वर्ष वाया जाणार नाही. तुम्हाला हे पत्र लिहिलं ते फक्त मन मोकळं करायला. तुमच्याकडून मला काही नको, एक ‘ठीक’ पुरे.

थंड पाणी पिऊ नका. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांऐवजी मोठ्या डॉक्टरांना दाखवा. इकडची काळजी नसावी, दाढ काढून झाली आहे. पत्रात जे चुकलं असेल ते लाल शाईने सुधारावं, जे लिहिलं आहे ते तसंच राहू द्यावं.

तुमची,
वहिनी

ता. क. — पत्र बंद करायच्या आत बॅरिस्टर घरी आली. एकटी, पत्ता विचारत विचारत. तुमच्या भावांनी दार उघडलं तर त्यांना म्हणाली, फूलवाल्या मावशी इथेच राहतात का. आत आली, डबा टेबलावर ठेवला (वाचनालयातून उचलून आणला होता) आणि विचारलं की काम सोडलंत ते कुणाला विचारून सोडलंत. मी म्हटलं, तुझ्या बोटांशी मी असं वागल्यावर तू माझी पाटी हातात तरी कशी घेशील. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाचे टाके मला वाचता येत नाहीत. आणि तुम्ही खोटं बोलत नाही मावशी, फक्त खरं उशिरा बोलता. यापुढे प्रत्येक पाटी मी आधी तपासणार, मग पुढे जाईल. तुमचे भाऊ म्हणाले, ही मला आवडली. तेव्हा वर मी जे ठरवलं आहे असं लिहिलं आहे, ते वाचलं नाही असं समजावं.

ता. क. दुसरं — आता खरं काय ते लिहिते. पुढचा धडा चुंबकाचा आहे. ती म्हणते की चुंबकाच्या रेषा विजेच्या रेषांसारख्या कुठून निघून कुठे संपत नाहीत, त्यांना सुरुवात नाही आणि शेवटही नाही, नुसत्या फिरत राहतात. वन्सं, दोऱ्याला तर सुरुवात असते. मागच्या बाजूने गाठ मारली तरी पुठ्ठ्यावर उंचवटा येतो आणि तिच्या बोटाला तो लागणारच. लागला की ती म्हणणार रेषा इथे सुरू झाली, आणि परीक्षेत त्यावर भांडणार, आणि तिचं बरोबर असेल. मी म्हटलं, चुंबकाच्या पट्टीखाली गाठ लपवते. म्हणाली, रेषा चुंबकाच्या आतूनही जातात, मला तिथेही वाचायच्या आहेत. तुम्ही आयुष्यभर हे शिकवलंत, तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर डोळे मिटून विचार करा. जमलं तर गाडी पकडून इकडेच या, चार दिवस राहा, तुमची खोली झाडून ठेवली आहे. पहिली रेषा अर्धी वळली आहे, सुई तिथेच टोचून ठेवली आहे, आणि परवा सकाळी ती बोट लावायला येणार आहे. गाठ कुठे मारू?